पिंकीची पोर

चांदीपच्या जयवंतीच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. मापात मारणाऱ्या व्यापाऱ्यापासून बांध कोरणाऱ्या दिरापर्यंत सगळ्यांना तिनं एकेकदा धारेवर धरलेलं. नवरा विलास गरीब गाय. दोघांच्या वाटणीचं ती एकटीच बोलते, असं गाव म्हणायचं, आणि खोटं म्हणत नव्हतं.

अशा बाईची एकुलती एक लेक पिंकी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. रीतच आहे ती, पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा सरता सरता तिच्या अंगावर सूज चढली, रक्तदाब वाढला, झटके आले. विरारच्या इस्पितळात पोट उघडून पोर बाहेर काढली, ती किलोभरसुद्धा नव्हती. पिंकी शुद्धीवर आलीच नाही. सासरच्यांनी तोंडावर ऐकवलं, आम्ही सून धडधाकट पाठवली होती. आणि जयवंतीला, बघा, जन्मात पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही.

पोर काचेच्या पेटीत. पूर्वी त्या इस्पितळात घरच्यांना दाराबाहेर बसवून ठेवायचे. अलीकडे आत घेऊ लागले होते. घरातल्या एकानं हात स्वच्छ धुऊन आत यायचं आणि पोर उघड्या छातीला लावून तासन्‌तास बसायचं. अंगाची ऊब मिळाली की असली पोरं तगतात, असं लविना सिस्टर सांगायची. खरं तर हे काम आईचं. आई कुठून आणणार? बाप जितेश एकदा बसला, पण पोरीचं कपाळ त्याला पिंकीचं दिसलं आणि उठून जो गेला तो कित्येक दिवस फिरकला नाही. त्याला नावं ठेवू नका. कोवळा पोरगा, बायको डोळ्यांदेखत गेलेली.

मग जयवंती म्हणाली, मी बसते.

ब्लाउजची बटणं काढताना तिला लाज वाटली, चांगलीच वाटली. आजूबाजूच्या साऱ्या विशीतल्या, दुधानं भरलेल्या. ही पन्नाशीची, उन्हातान्हात वाळलेली. पण पोर त्या वाळक्या छातीला चिकटली आणि तिची धाप बसली. दूध नळीतून जायचं, तेही दुसऱ्या बायांचं. ऊब मात्र आजीची. लेकीच्या दहाव्यालाही ती खुर्चीवरून उठली नाही. गावानं तोंडात बोटं घातली. सख्ख्या लेकीचा दहावा, आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही! विलास न्यायला आला, त्याला ती म्हणाली, "गेली ती थांबंल माझ्यासाठी. ही थांबायची नाय." विलास डबा ठेवून एकटाच परत गेला.

पोर तगली. नळी सुटली, चमच्यानं दूध घ्यायला लागली, रडायला लागली. आणि तेव्हा जितेश उगवला. सोबत त्याची भावजय क्षितिजा, बोळिंजला राहणारी, लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस न उजवलेली. जितेशनं मान खाली घालूनच सांगितलं, की बाळ आता वहिनी वाढवणार, घरात तसं ठरलंय. जयवंती, जिनं कुणापुढं हात पसरला नव्हता, ती म्हणाली की चालती होईपर्यंत तरी राहू दे माझ्याकडे. तो म्हणाला, "आई, चांदीपच्या घरात माझं पाऊल पडणार नाही आता. आणि पोरीलाही तिथलं काही नको."

म्हणजे पोर घरी गेली की संपलंच. विलास पुटपुटला, पोर त्यांची, आपला काय हक्क? आणि ती क्षितिजा वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं. पण ती बिचारी दाराशी उभी राहून पोरीकडे अशी बघत होती, की शिवी ओठावर यायची आणि विरायची.

वजन भरलं की पोरीला घरी सोडणार होते. त्यानंतर रोज वजन करताना जयवंती उरलेले दिवस मोजायची. बाकीच्या आया काटा वर जावा म्हणून देव पाण्यात ठेवायच्या. एके सकाळी काटा हललाच नाही, आणि जयवंतीला आनंद झाला. आनंद! क्षणभरच, मग तिनं तिथल्या तिथं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. लविना सिस्टर बघतच राहिली.

घरी सोडायचं ठरलं, पण एक नियम होता. पोर जी सांभाळणार तिला छातीशी धरता आली पाहिजे, पोर तिच्याकडे निवांत झाली पाहिजे. तोवर सुट्टी नाही. सिस्टर म्हणाली, जयवंतीबाई, शिकवायचं तुम्हीच.

क्षितिजा खुर्चीत बसली. जयवंतीनं स्वतःच्या हातानं पोर तिच्या छातीवर ठेवली. पोरीनं टाहो फोडला. लाल झाली, निळी पडायला लागली. क्षितिजाचे डोळे भरले.

"मावशी, ही माझ्याकडे राहायची नाही. तुम्हीच घ्या."

लविना सिस्टरनं जयवंतीकडे पाहिलं. नुसतं गप्प राहायचं होतं. आजचा दिवस मिळाला असता, उद्याचाही, कोण जाणे, कदाचित पोरच मिळाली असती. जयवंतीचे हात पुढं झालेसुद्धा. पण पोरीच्या नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पुढं झालेल्या हातांनी तिनं पोरीचं डोकं क्षितिजाच्या छातीवर आडवं वळवलं, पाय बेडकासारखे दुमडून दिले.

"तू घाबरलीस, म्हनून ती घाबरलीय. सावकाश श्वास घे. तिला तुझा जीव ऐकू दे."

क्षितिजानं डोळे मिटले. पोरीनं एक हुंदका दिला, मग दुसरा. मग तोंड उघडं टाकून झोपली.

"झोपली हो, मावशी," क्षितिजा हसत, रडत म्हणाली.

जयवंतीनं बटणं लावली आणि ती बाहेर आली. बाकावर विलास बसला होता. त्यानं विचारलं, राहिली का तिच्याकडे? ती त्याच्या शेजारी बसली, पदर तोंडात कोंबला, तरी आवाज फुटलाच.

"अवो, पिंकी गेली," ती म्हणाली. "आपली पिंकी गेली वो."