नाल्यापाशी संपलेलं गाव

माझ्या हातातला रांगोळीचा डबा सरांनी अख्ख्या गावासमोर काढून घेतला.

नरखेड तालुक्यातलं गाव. आमची नागपूरची संस्था गावाचा विकास मोजते; सर तिचे प्रमुख. गावकऱ्यांनीच जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा. घरं, विहिरी, रस्ते, संत्र्याचे बगीचे. मग ज्याची कमाई वाढली त्याच्या घरावर चिंचोके ठेवायचे. त्यावरून अहवाल. अहवालावरून नळाची लाइन कुठवर न्यायची ते ठरणार. नकाशात घर असलं तर नळ. नसलं तर नाही.

पहिली रेघ ओढून दाखवायचं काम माझं. मी अर्थशास्त्रात एम. ए. आहे. घरातली पहिली. आई धरमपेठेत लोकांच्या घरी पोळ्या लाटते. हे मी लपवत नाही. मिरवते.

देवळापुढच्या ओट्यावर मी वाकले, तोच खुर्चीतल्या माजी सरपंचानं विचारलं, "कुठची वं तू, बाई?"

"नागपूरची. हुडकेश्वरला राहते."

"थे नाही. आडनाव काय?"

सांगितलं. मी बौद्ध आहे हे आडनावावरूनच कळतं. त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही. सरांकडं वळला.

"साहेब, देवापुढची रांगोळी आहे. आमच्या पोरी काढतीन. तुमच्या पोरीले लिवाचं काम द्या. लिवाले लय हुशार असतेत त्यायच्या पोरी."

सगळे हसले. सरही हसले. थोडंसं, पण हसले. मग डबा घेतला. "ॲडजस्ट कर गं. गावकऱ्यांचा सहभाग महत्त्वाचा."

सहभाग! या शब्दावर सर तासभर भाषण देतात.

नकाशा देखणा निघाला. पानठेलासुद्धा सुटला नाही. पण नाल्यापाशी येऊन रांगोळी थांबली.

"नाल्यापलीकडं काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही."

"मला तर इथून घरं दिसतात."

"ओटा सरला ना, मॅडम," मागून कोणीतरी म्हणालं. "तुम्ही थोड्या तिकडं सरका, मंग काढतो." पुन्हा हशा.

ओटा सरला नव्हता. माजी सरपंचाच्या संत्र्याच्या गोदामाला चांगली हातभर जागा मिळाली होती.

मी सरांना बाजूला नेलं. ते म्हणाले, "आपण मोजायला आलोय, भांडायला नाही. आणि खरं सांगू? तुमच्या लोकांचं भलं झालंच की आता. तूच बघ ना. विकासाचं याहून चांगलं उदाहरण कुठलं?"

मी उदाहरण! आईची तव्यावर भाजलेली बोटं, शेजारणीच्या दिव्याखाली केलेला अभ्यास, सगळं या माणसानं आपल्या अहवालात जमा करून टाकलं. कानात जाळ झाला. आणि तेव्हाच डोक्यात उजेडही पडला. ज्यांची कमाई वाढली नाही त्यांना नकाशाबाहेर काढा, गाव आपोआप सुधारलेलं दिसतं. सरासरी चढते. कॉलेजात सरासरी काढायला शिकवलं. ती अशी चढवतात, हे नाही शिकवलं.

नकाशा कागदावर उतरवून गावाला वाचून दाखवायचा होता. लिहिणारी मी. सर म्हणाले, "वाच."

"हे गाव नाही," मी म्हणाले. "अर्धं गाव आहे. मी वाचणार नाही."

"गाडी निघते आहे. यायचं असेल तर आत्ता बस."

मी नाला ओलांडला. गाडी गेली.

"जयभीम, बाई! वाट चुकल्या काय?" पहिल्या दारातली बाई म्हणाली. मी झालेलं सांगितलं. बाया जमल्या. तुऱ्हाटीच्या काडीनं मातीतच नकाशा सुरू झाला.

"माझं घर एवढुसं काहून काढलं वं?"

"आहेच तेवढुसं. तुया बुढा झोपला का पाय रस्त्यावर येतेत त्याचे."

हसून हसून पुरेवाट. मग मी विचारलं, पाणी कुठून आणता? पहिल्या दारातली बाई म्हणाली.

"त्या जुन्या सरपंचाच्या बगीच्यातल्या मोटरीवरून. मागच्या उन्हाळ्यात संत्रा तोडाची मजुरी वाढवून मांगतली, तं मोटरले कुलूप लावलं त्यानं. मुकाट्यानं गेलो कामावर. आता नळ आला तं कुलूप कायले लावन तो?"

ओटा का सरला, ते मला तिथं कळलं. वस्तीला पाणी मिळालं तर वस्ती मजुरीवर बोलेल. म्हणून वस्ती नकाशातच नको.

त्या नकाशाचा फोटो मी सरांना पाठवला. त्यांचा फोन आला. "हा आपल्या पद्धतीत बसत नाही. पण अहवाल सादर करायच्या कार्यक्रमात तू बोल. तुझ्यासारखी मुलगी बोलली की बरं दिसतं."

"वस्ती घेतली तर बोलते."

"ते आता शक्य नाही."

"मग मीही शक्य नाही."

नोकरी गेली. खोलीचं भाडं चुकत नाही, आईचे गुडघे दुखतात. मला कोणी शूर म्हणू नका, शूरपणावर किराणा मिळत नाही. अहवाल छापून झाला. त्यात ते गाव विकसित आहे.

आता तो अहवाल ग्रामसभेपुढं येईल. मी तिथली मतदार नाही, मला सभेत बोलता येणार नाही. वस्तीतल्या बाया बोलतील. दर रविवारी एस. टी. नं जाते मी. अहवालातलं एकेक वाक्य त्यांना वाचून दाखवते, आणि त्या एकेक खोडून काढतात. सभेच्या दिवशी मी दारात उभी असेन. पाणी नाल्यापलीकडं पोचत नाही तोवर या गावाला विकसित म्हणणारा, मग तो माजी सरपंच असो की माझा सर, खोटारडा आहे. हे मी दारातच त्यांच्या तोंडावर म्हणेन. नाव घेऊन म्हणेन.