साबण पडू द्यायचा

इंदूरहून ऑपरेशन करून घरी आलो तेव्हा कमरेचे दोन मणके सळया आणि स्क्रू घालून एकमेकांना जोडलेले होते. डॉक्टरांची ताकीद तीन गोष्टींची होती. वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही. बुऱ्हाणपुरात आमचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. केळीवाले शेतकरी येतात, आणि नळीचं भेंडोळं वाकून उचलायचं, वळून त्यांच्या ट्रॉलीत टाकायचं, एवढंच मी जन्मभर करत आलो होतो. आता खाटेवर कूस बदलायची तरी बायको शेजारी उभी राहून बजावायची, "केळीच्या घडासारखं वळा. सगळं एकदम. मुरगळायचं नाही."

कूस बदलणं जमलं. अडलं ते संडासापाशी. आमचा संडास अंगणाच्या टोकाला, आणि उकिडवं बसायचा. उकिडवं बसणं तर बंद. बायकोने भोक असलेली कमोडची खुर्ची आणली. ती ठेवायला जागा एकच, माझी खाट होती ती मधली खोली. आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात आमचे देव. मी साफ नाही म्हणालो. देवांसमोर हे कसं करायचं? कसाबसा अंगणात जाऊन येईन म्हणालो. गेलो मात्र नाही. त्याऐवजी जेवण कमी केलं. अर्धी पोळी खायची आणि भूक नाही म्हणायचं. पोट दगडासारखं झालं, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं.

"बसावं लागू नये म्हणून उपाशी राहताय?"

मी छताकडे पाहत राहिलो. ती उठली, ताम्हनात एकेक देव ठेवले आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

"अगं, कुठे नेतेस त्यांना?"

"फळीवर, डब्यांच्या शेजारी. देव सरकले तर परत बसवता येतात. तुमचा मणका सरकला तर मी कुठून बसवू?"

अशी खुर्ची सुरू झाली. पण हात मागे नेऊन धुणं म्हणजे कंबर मुरगळणं, म्हणून ते काम तिच्याकडे आलं. अंघोळही तीच घालायची. धुताना ती मुद्दाम गल्लीतल्या गोष्टी सांगायची. कोणाच्या पॉवरलूमचा पट्टा तुटला, कोणाच्या घरी इंदूरचे पाहुणे आले. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती बोलते हे मला कळत होतं, आणि तरीही मी तोंड पाडून बसायचो. खरं सांगायचं तर मला तिचा रागच यायचा. ज्या हातांनी मला स्वच्छ ठेवलं त्या हातांचा राग. ती खोलीबाहेर गेली की मला स्वतःची शरम वाटायची, आणि पुढच्या वेळी मी पुन्हा तेच करायचो.

मग आखाजी जवळ आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि त्या दिवशी लेक माहेरी जाते. पन्नाशीची झाली तरी जाते. झाडाला झोके बांधतात, बाया गाणी म्हणतात. बायकोचं माहेर देडतलाईचं. एका सकाळी तिच्या भावाचा फोन आला. ती स्वयंपाकघरातून बोलत होती, पण मला सगळं ऐकू आलं.

"यंदा नाही रे जमणार... नाही, मला न्यायला मुऱ्हाळी बनून आलास तरी नाही... आईला सांग, दिवाळीला येईन." मग हळू आवाजात, "आता तिला बिलकुलच दिसत नाही का?"

ती बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "जा ना तू."

"आणि तुमचं?"

"धाकटा आहे वर. त्याची बायको जेवणाचं बघेल."

"जेवणाचं ती बघेल. बाकीचं?"

धाकटा भाऊ उजाडताच दुकान उघडायला जातो. त्याची बायको अजूनही माझ्यासमोर, म्हणजे जेठासमोर, डोक्यावर पदर घेऊन वावरते. ताट ठेवते आणि मागे सरते. तिला कसली हाक मारणार? माझं धुणं आणि अंघोळ मला एकट्याला येत नाही, तोवर बायकोला माहेर नाही, इतकं ते सरळ होतं.

त्या दिवशी आजारपणात पहिल्यांदा मी दुकानदारासारखा विचार केला. पाणी जिथे हवं तिथे, हवं तेवढं पोचवायचं, हाच तर माझा धंदा. धाकट्याला फोन करून ठिबकची नळी, दोन कॉक आणि जॉइनर मागवले.

"दादा, कोणत्या पिकासाठी?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"जुनं खोड आहे. बुडाशी पाणी द्यायचंय."

"मग खतही सोडू का त्यातून?" तो हसत सुटला, मग कामाला लागला. मी खाटेवरून सांगत होतो, तो जोडत होता. छतावरच्या टाकीतून नळी आणली, खुर्चीच्या मागच्या पायाला बांधली, तोंड वर केलं आणि कॉक पुढे, उजव्या हाताशी ठेवला. मागे वळायचं कामच नाही.

"वहिनी, बघा!" म्हणत त्याने रिकाम्या खुर्चीवरच कॉक उघडला. टाकीचा जोर आम्ही धरलाच नव्हता. धार सरळ वर गेली, कॅलेंडर भिजलं, आणि चहा घेऊन येणारी बायकोही.

"बरं झालं देव आधीच हलवले," ती तोंड पुसत म्हणाली. "नाहीतर आज अभिषेकच होता."

दुसरा कॉक वाटेत बसवून जोर कमी केला. दुसऱ्या दिवशी मी स्वतःला स्वतः धुतलं. ती स्वयंपाकघरात होती, मी इथे, आणि मध्ये बंद दार. उठलो तेव्हा छाती भरून आली होती. एवढ्याशा गोष्टीने कोणाची छाती भरून येते हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

अंघोळीचंही बसवलं. टाके निघाले होते. न्हाणीत उंच स्टूल माझ्यासाठी, बादली दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे तांब्या बुडवायला वाकायला नको. बांबूच्या काठीला ब्रश बांधून पाय घासायचे. टॉवेल जमिनीवर टाकून त्यावर पाय पुसायचे. त्याच काठीला आकडा लावून पायजमा आधी पायांपाशी धरायचा, मग वर ओढायचा. सगळं येऊ लागलं. बायको म्हणाली, "एक दिवस पूर्ण एकट्याने करून दाखवा. मी हाकेच्या अंतरावर राहीन, पण येणार नाही. तेव्हा भावाला हो म्हणते."

त्या दिवशी साबण निसटला. समोरच पडला होता, हातभर अंतरावर. तिला हाक मारली असती तर परीक्षेत नापास, आणि तिचं माहेर गेलं. मी भिंतीला हात लावला आणि वाकलो. साबण हाती आला, आणि कमरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधार आला. तरी अंघोळ पूर्ण केली, कपडे घातले, बाहेर येऊन म्हणालो, "घे, झालं. कर फोन."

ती न्हाणीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात साबण होता. खालच्या बाजूला न्हाणीतली रेती चिकटलेली.

"पडला होता ना?"

मी पायजम्याची नाडी पुन्हा बांधू लागलो.

"मला माहेर मिळावं म्हणून वाकलात," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही तिने. "मग मी तिथे झोक्यावर बसून काय विचार करणार? इथे तुम्ही कशासाठी वाकताय, हाच ना?"

भावाला तिने पुन्हा नकार कळवला. त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. ते खूप रागावले. इंदूरला बोलावून फोटो काढला. सळया जागच्या जागी होत्या. परतताना सगळी वाट मी विचार करत आलो. उपाशी राहिलो तेव्हाही लपवलं होतं, वाकलो तेव्हाही लपवलं. मला वाटायचं, तिचं ओझं हलकं करतोय. खरं तर माझं लपवलेलंच तिला शोधत बसावं लागत होतं, आणि ते ओझं बादलीपेक्षा जड होतं.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात मी म्हणालो, "आणखी एकदा बघ."

ती न्हाणीबाहेर पाट टाकून भाजी निवडत बसली. मी स्टुलावर बसलो, पाणी घेतलं, खांदे धुतले. आणि साबण पुन्हा निसटला. पायाला लागून घरंगळत मोरीच्या तोंडाशी जाऊन थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. हात मांडीवर ठेवला. मग मोठ्याने ओरडलो, "अगं, साबण पडला!"

"मग? येऊ?"

"नको. पडू दे. मी नुसत्या पाण्याने करतो."

बाहेरून तिच्या हसण्याचा आवाज आला, खळखळून. किती दिवसांनी ऐकला. मी तांब्यामागून तांब्या ओतत राहिलो. पाय काठीने घासले, टॉवेलवर पुसले, पायजमा आकड्याने ओढला, नाडी बांधली. बाहेर आलो तर तिच्या कानाला फोन होता.

"हो रे, पाठव गाडी. मुऱ्हाळी तूच ये. आणि झोका मजबूत बांध, मी काही पोर नाही आता."

निघण्याआधी तिने एक जुना मोजा शोधला, त्यात साबण घातला आणि दोरी लावून माझ्या गळ्यात अडकवला. "घ्या तुमचं पदक."

आखाजीच्या दिवशी घरात पितरांची घागर धाकट्याने भरली, मी खुर्चीवरून हात जोडले. सकाळचं माझं सगळं मी केलं होतं. गळ्यातला साबण, हाताशी कॉक, काठीचा आकडा. कोणाला हाक मारली नाही. केस विंचरून, कमरेचा पट्टा घट्ट करून मी ओट्यावर बसलो. गल्लीत लूम बंद होते, ऊन चढत होतं, आणि माझ्या अंगाला स्वच्छ वास येत होता.

दुपारी देडतलाईला फोन लावला. मेव्हण्याने उचलला. मागे बायांच्या गाण्यांचा कल्ला.

"दाजी, ताई झोक्यावर हाय. आई खाली बसून दोरी धरून हाय, सोडायला तयार नाही. बोलावू?"

"नको," मी म्हणालो. "झुलू दे."