कचरूभाऊंच्या सहीवाचून

पडदा वर जातो. धुरकट पिवळा उजेड, आणि एकच आवाज: धप्प... धप्प... हडपसरच्या एका कारखान्यातला प्रेस विभाग. साल चौऱ्याण्णव. कामगार नाट्यस्पर्धेचं नाटक बसवायला मी तिथे जात असे. पत्रा कापणाऱ्या त्या यंत्रांजवळून जाताना माझे हात आपोआप खिशात जायचे.

कचरूभाऊ मेश्राम तिथले जुने ऑपरेटर. मूळचे भंडाऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. कंपनीचा नियमच होता, नव्या माणसाने तीन महिने त्यांच्या हाताखाली राहायचं. पहिले आठ दिवस हात पाठीमागे बांधून यंत्र नुसतं ऐकायचं. शेवटी कार्डावर त्यांची सही झाली, की मगच एकट्याने काम. एकवीस वर्षांत त्यांनी सही दिलेल्या एकाचंही बोट गेलं नव्हतं.

एक्याण्णवनंतर बाजार खुला झाला, नवे साहेब आले. त्यांना तीन महिने परवडेनात. कार्ड बंद झालं, कंत्राटी माणसं पहिल्याच दिवशी यंत्रावर उभी राहू लागली. कचरूभाऊ दोनदा सांगायला गेले. साहेब म्हणाले, "अहो, बटण दाबायला कसली शिकवणी?"

बटणं दोन होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येई. हात आपसूक बाहेर राहत. घाईतली नवी माणसं एका बटणात लाकडी पाचर ठोकून एक हात मोकळा करत. हे ती एकमेकांकडून शिकत. दुसरं शिकवणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या दुपारी माझ्याबरोबर चहा घेताना कचरूभाऊ मध्येच थबकले. मला सगळा गोंगाट सारखाच. त्यांना मात्र चौथी प्रेस जास्त भरभर पडताना ऐकू आली. कप टाकून ते धावले आणि त्यांनी मेन स्विच ओढला.

सगळा विभाग मुका झाला. रंगमंचावर मी पुष्कळ शांतता पाहिल्या, अशी नाही. चौथ्या प्रेसवर चार दिवसांपूर्वी लागलेला राकेश होता. एका बटणात पाचर, दुसऱ्यावर डावा हात. अडकलेला पत्रा ओढायला उजवा हात मनगटापर्यंत आत. वरचा ठोकळा अजून वरच होता.

तासभर काम बंद पडलं. साहेबांनी कचरूभाऊंना बोलावून त्याबद्दल माफीनामा लिहून द्यायला सांगितलं. येत्या शनिवारी कचरूभाऊंची स्वेच्छानिवृत्ती ठरलेली होती. त्यात स्वेच्छा कुणाची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. राकेश दारात उभा होता, दोन्ही हात काखेत दाबून.

कचरूभाऊंनी साहेबांच्याच टेबलावरचा कागद ओढला.

"माफी आत्ता लिहितो, साहेब. सोमवारपासून याला शिकवणार कोण, ते नाव तुम्ही लिहा."