डबलनानांचा खडू

आमचे डबलनाना जिंकले तरी लगेच हसायचे नाहीत. आधी फळीजवळ जायचे, बोटाने बाण चाचपायचे, तो बाहेरच्या अरुंद, दुप्पट गुणांच्या पट्ट्यातच बसलाय याची खात्री करायचे आणि मगच गरजायचे, "डबल! सुटलो!" त्यांचं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

महायुद्धात नाना जर्मनांच्या कैदेत पडले. सुटल्यावर, घरी धाडायच्या आधी, सरकारने त्यांना काही दिवस विलायतेत एका खेड्याजवळच्या छावणीत ठेवलं. तिथल्या पबात ते डार्ट, म्हणजे गोल फळीवर बाण फेकायचा खेळ, शिकले. "पब म्हंजे त्येंची चावडी रं. भांडणं तितंच लागत्यात आन् तितंच मिटत्यात," असं सांगायचे. स्वतः माळकरी. गोरे बियर ढोसायचे आणि हे लेमनेड पिऊन त्यांना हरवायचे!

गावी परतल्यावर त्यांनी पांगाऱ्याच्या खोडाची गोल फळी कापून घेतली, तिच्यावर वीस घरं आखली आणि तालमीत टांगली. बाण म्हणजे सांगलीच्या बाजारातून आणलेली, हळदीची पोती शिवायची दाभणं. त्यांना लाकडी मूठ आणि कोंबडीची पिसं. आम्ही पैलवान गडी खो खो हसलो. "नाना, शड्डू सोडून शिवणकाम शिकिवताय व्हय?" पण तीनशे एकवरून गुण उतरवत उतरवत शेवटी नेमकं डबलवर शून्य गाठून सुटायचं म्हणजे काय, ते कळल्यावर आमची तोंडं बंद झाली. एक गुण जास्त झाला की 'बस्ट', ती फेरी फुकट. कुस्तीत फुटला नाही एवढा घाम फुटायचा.

एक नियम मात्र नाना जिवापाड जपायचे. ज्याला पुढचा डाव हवा, त्याने आधी खडू घेऊन चालू डावाचे गुण पाटीवर लिहायचे, मग जिंकणाऱ्याशी खेळायचं. "ज्येच्या हातात खडू, फुडला डाव त्येचा. मग त्यो कुनी का असंना."

एके दिवशी नानांचा कैदेतला सोबती यशवंता तालमीच्या दाराशी आला. महारवाड्यातला, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबला. नानांनी त्याच्यापुढे खडू धरला. तालमीचे वस्ताद ताडकन उठले.

"नाना, फळी तुमची असंल, तालीम गावाची हाय. ह्यो आत यायचा न्हाई."

"विलायतेत ह्येच्या हातात खडू दिला, तवा कुनी जात इचारली न्हाई," नाना म्हणाले. "मग फळीबी हितं ऱ्हायाची न्हाई."

ती जड फळी त्यांनी खांद्यावर घेतली आणि चावडीसमोरच्या चिंचेला टांगली.

आठ दिवस ते दोघंच खेळत होते. गाव चावडीवर बसून बघायचं, पण चिंचेखाली कुणी फिरकायचं नाही. नानांनी कुणाला हाक मारली नाही. मी तालमीत जोर काढत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती. नवव्या दिवशी चिंचेकडे निघालो. वस्ताद मागून ओरडले, "परत हितं पाय ठिवू नगंस!"

खडू यशवंताकडे होता. मी हात पुढे केला. तो घुटमळला आणि मी उचलून घ्यावा म्हणून खडू जमिनीवर ठेवायला वाकला.

"खाली न्हाई. हातात दे," नाना म्हणाले.

यशवंताने खडू माझ्या तळहातावर ठेवला. मी गुण लिहू लागलो. यशवंता डबल दहावर सुटला आणि नियमाप्रमाणे पुढचा डाव त्याचा-माझा लागला. दणकून हरलो, पण छाती अशी फुगली होती की काय सांगू! घरी वडिलांनी दोन वाजवल्या, त्याही मी गावभर मिरवल्या.

वस्ताद कधीच आले नाहीत. पण तालमीतली पोरं एकेक करून चिंचेखाली येऊ लागली.

पुढे दोन वर्षांनी नाना तापाने गेले. तिरडी उचलताना यशवंताला कुणी बोलावलं नाही. तो आपणहून पुढे आला आणि त्याने पुढचा खांदा दिला. नानांचे भाऊबंद जागच्या जागी थबकले. मी त्याच्या मागचा खांदा दिला आणि म्हणालो, "चला."

कुणी अडवलं नाही.