सूचना सरांचं ‘म्हणजे काय?’

आमच्या सूचना सरांसमोरून एखादा इंग्रजी शब्द मुकाट्याने निघून गेला, असं पाच वर्षांत एकदाही झालं नाही. जकात नाक्यावर ट्रक अडवावा तसे ते शब्द अडवायचे. आपण मनात सगळं वाक्य जुळवून आणलेलं असायचं, अर्धं बोलूनही झालेलं असायचं, आणि सर बोटांतला खडू आडवा धरून विचारायचे, "म्हणजे काय?" नववीत एकदा मी त्यांना म्हणाले, सर, मला फार नर्व्हस वाटतंय. ते म्हणाले, "नर्व्हस म्हणजे काय?" मी म्हटलं, भीती वाटतेय. "कशाची?" कशाची ते मला माहीत असतं तर मी नर्व्हस कशाला म्हणाले असते? सर पुढच्या बाकाकडे वळले.

आमची शाळा पलूस तालुक्यात एका माळावर होती. नावात ‘इंटरनॅशनल’ होतं. मुलं मात्र आसपासच्या चार तालुक्यांतली. साऱ्या शाळेत परदेश पाहिलेला माणूस एकच, गेटवरचे सुभेदार काका. फौजेत असताना ते शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत जाऊन आले होते. मी तिथे पाचवीपासून ट्रस्टच्या मोफत जागेवर शिकत होते. माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, तिठ्यावर पंक्चरचं दुकान आहे. घरात इंग्रजी वाचणारी मी पहिली. वाचणारी म्हणजे अक्षरं लावणारी.

सर मराठी शिकवायचे, पण आठवड्यात दोनच तास. त्यांचं खरं काम वेगळं होतं. पुण्याहून आलेल्या प्रिन्सिपल मॅडम पालकांसाठी इंग्रजीत पत्रक काढायच्या आणि सर ते मराठीत करायचे. स्वतःच्या तिरक्या अक्षरात लिहायचे, झेरॉक्स काढायचे, नायलॉनच्या पिशवीतून वर्गावर्गात वाटायचे. शिवाय परिपाठाला उभं राहून सगळं वाचून दाखवायचे, स्वल्पविरामाला थांबत. त्यावरूनच त्यांचं नाव सूचना सर पडलं. प्रत्येक सूचनेखाली ठरलेल्या तीन ओळी असायच्या. कळावे. न कळल्यास विचारावे. लाजू नये.

आम्हा मुलींना त्या ‘लाजू नये’ची फार लाज वाटायची. अण्णांना मात्र ती सूचना म्हणजे कोर्टाचा कागद. दुकानात टायरच्या ढिगावर बसून ते ती दोनदा मोठ्याने वाचायचे आणि घडी घालून पान्यांच्या डब्याखाली ठेवायचे. इंग्रजी पत्रकाकडे ते बघतही नसत. "आपला कागद ह्यो," म्हणायचे.

नववीच्या डिसेंबरात शाळेने पहिल्यांदा ‘अ‍ॅक्टिव्हिटी वीक’ करायचा ठरवला. पाच दिवस अभ्यास नाही, रोज वेगळा कार्यक्रम. शुक्रवारी शेवटच्या कार्यक्रमाचं इंग्रजीतून सूत्रसंचालन माझ्याकडे आलं होतं. मोफत जागेवरच्या मुलीला माईक मिळण्याची शाळेतली ती पहिलीच वेळ, असं मला तरी वाटत होतं. दोन महिने मी गोठ्यात म्हशीसमोर उभी राहून ‘गुड मॉर्निंग, डिग्निटरीज’ म्हणत होते. माझं एवढंच म्हणणं होतं की त्या आठवड्यात मी इतरांसारखी दिसावी, इतरांसारखी बोलावी, आणि कुणी मला काही विचारू नये.

पण आठवड्याचं पत्रक मराठीत करायला सरांकडेच गेलं.

सोमवार त्यातल्या त्यात बरा गेला. ‘टोपी दिन’ असल्यामुळे गांधी टोप्या आल्या, माकडटोप्या आल्या, एकजण हेल्मेट घालून आला. मंगळवारी दोन मैत्रिणींनी सारखे कपडे घालून जोडीने यायचं होतं. इंग्रजीत ‘ट्विन डे’. सरांनी लिहिलं, ‘जुळ्यांचा दिवस’. एका पालकांनी मुलाबरोबर चिठ्ठी पाठवली की आमच्या घरात जुळे नाही, एकटाच पाठवत आहोत, सांभाळून घ्यावे. मॅडमनी ती चिठ्ठी स्टाफरूममध्ये सरांसमोर धरली. सरांनी तिच्यातला एक ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारला आणि परत दिली.

बुधवारी ‘पजामा डे’ होता. सरांची सूचना अशी : ‘बुधवार, पायजमा दिन. सर्वांनी स्वच्छ पायजमा घालून यावे. मुलींनीही.’ अण्णांनी ती दोनदा वाचली. आमच्याकडे पायजमा एकच घालतं, माझा आज्जा. लग्नाला आणि मयताला. आईने तो कडक इस्त्री करून आणला, खालून चार बोटं दुमडून टाके घातले, नाडी दोनदा गुंडाळून बांधली. वर अण्णांचा पांढरा सदरा. मी म्हणत होते, हे असं नसेल. अण्णा म्हणाले, "सरांनी लिवलंय. मुलींनी बी, असं लिवलंय."

गेटवर पोचले तर ईशा, डॉक्टरांची मुलगी, फुलाफुलांच्या नाइट सूटमध्ये टेडी घेऊन उभी. तिच्यासारखे आणखी दहा-बारा. त्यांच्या घरी इंग्रजी पत्रक वाचलं होतं. सुभेदार काका त्यांना आत सोडत नव्हते. "आंघूळ केली न्हाई, केस इंचरलं न्हाईत. घरला जावा, तयार हून या," म्हणत होते. मग माझ्याकडे आणि माझ्यामागून आलेल्या पन्नासभर पांढऱ्या पायजम्यांकडे बघून त्यांनी गेट उघडलं. आम्ही आत शिरलो ते एखाद्या गावकीच्या बैठकीला चालल्यासारखे. दिवसभर तो पायजमा एका हाताने वर धरून मी शाळेत फिरले. ईशा चांगली मुलगी. ती हसली नाही. तिने ‘क्यूट’ म्हटलं, ते जास्त लागलं.

मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. जवळजवळ रडत सांगितलं की पजामा म्हणजे रात्री झोपताना घालायचे कपडे. सरांनी ऐकून घेतलं. "आम्ही झोपतानाही पायजमाच घालतो," म्हणाले. तेवढ्यात मॅडमही आल्या. सर, नुसतं ट्रान्सलेट करा, स्वतःचं घालू नका, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात सांगितलं. सर म्हणाले, "मी काही घातलं नाही मॅडम. फक्त स्वच्छ, एवढा शब्द घातला."

अलीकडे माझ्या मैत्रिणी म्हणतात की सरांनी ते मुद्दाम केलं असणार. आमच्यातल्या निम्म्यांकडे नाइट सूट नव्हते, जुन्या गणवेशात झोपायचो आम्ही, ते त्यांना माहीत असणार. मला तसं वाटत नाही. सरांना एवढं मोठेपण द्यायला मी अजून तयार नाही. त्यांना खरंच तो पायजमा वाटला.

खरा घोटाळा शुक्रवारचा होता. ‘करिअर डे’. इंग्रजी पत्रकात प्रोफेशनल पालकांना येऊन बोलायचं आमंत्रण होतं. सरांनी लिहिलं, ‘जे पालक काम करतात, त्यांनी शुक्रवारी शाळेत येऊन आपल्या कामाविषयी दहा मिनिटे बोलावे.’ अण्णा म्हणाले, "काम तर मी करतोच की. जावं लागंल." मी सांगितलं, ते तुमच्यासाठी नाही. अण्णांनी कागद पुन्हा वाचला. "तसं कुटं लिवलंय?"

गुरुवारी मी पुन्हा सरांसमोर. बोलणाऱ्या पालकांची यादी भरली, असा निरोप अण्णांना पाठवा म्हणून विनवलं.

"यादी भरलेली नाही," सर म्हणाले.

"सर, प्रोफेशनल म्हणजे डॉक्टर, वकील, इंजिनियर असे."

सरांनी टेबलाच्या खणातून शब्दकोश काढला, चष्मा कपाळावर चढवला, पान शोधायला बराच वेळ लावला. "व्यवसाय करणारा, असं आहे. वडिलांचा व्यवसाय आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

शुक्रवारी हॉल भरला होता. ईशाच्या बाबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. एक बँकेचे अधिकारी बोलले, द्राक्षांच्या पॅकिंगला जाणाऱ्या एक काकू बोलल्या. मी प्रत्येकाची ओळख करून देत होते, अमक्याचे बाबा, तमकीची आई, सगळं इंग्रजीतून, न अडखळता. पाचवं नाव अण्णांचं. पहिल्या रांगेत ते मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. हात रॉकेलने घासून आले होते, तरी नखांतलं काळं तसंच होतं. मी कागदाकडे बघितलं आणि माईकवर म्हणाले, "अवर नेक्स्ट स्पीकर इज फ्रॉम द ऑटोमोबाइल सर्व्हिस सेक्टर."

एवढंच म्हणाले. कुणाचे बाबा, ते सांगितलं नाही.

आणि मागून, शेवटच्या खुर्चीवरून, आवाज आला. "म्हणजे काय?"

मुलं हसली. सर चेष्टा करत नव्हते. कार्यक्रमाचा वृत्तांत लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. मांडीवर वही होती आणि पेन थांबलेलं होतं.

"गाड्यांचं काम, सर."

"कसलं?"

"पंक्चर काढतात."

"कोण काढतं?"

माईक खरखरला. मॅडम खुणेने मला पुढे चला म्हणत होत्या. मी अण्णांकडे बघितलं नाही. सरांकडे बघितलं. असा राग मला त्याआधी कुणाचा आला नव्हता.

"माझे वडील," मी म्हणाले.

सरांनी मान खाली घालून ते वहीत लिहून घेतलं.

अण्णा उठून आले. पिशवीतून सायकलची जुनी ट्यूब काढली, पण पाणी आणायचं राहिलं होतं, म्हणून ती तशीच हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "पंक्चर काढायला येळ लागत न्हाई. सापडायला लागतो. ट्यूब पाण्यात धरायची, फिरवत ऱ्हायचं. बुडबुडा आला की तितं बोट ठिवायचं. एवढंच काम हाय." दहा मिनिटांतली दोनही झाली नव्हती. टाळ्या जेवढ्या सगळ्यांना वाजल्या तेवढ्याच वाजल्या.

घरी जाताना गाडीवर अण्णा माझ्या त्या ओळखीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तिठा जवळ आल्यावर म्हणाले, "तायडे, तुझ्या सरांना काय बी ठावं न्हाई व्हय गं? सारखं इचारत हुते." गाडी दुकानासमोर लावता लावता तेच म्हणाले, "आपल्यावानीच हाईत म्हणायचं."

वार्षिक परीक्षा झाली तरी मी सरांशी बोलले नाही. निबंधात मी ‘जीवनात सक्सेस महत्त्वाचा’ असं लिहिलं होतं. त्याखाली लाल रेघ मारून त्यांनी लिहिलं होतं, म्हणजे काय. माझा अबोला त्यांच्या लक्षात तरी आला होता का, कोण जाणे.

एप्रिलमध्ये शाळेने अ‍ॅप घेतलं. सूचना आता मोबाइलवर, इंग्रजीतून. मराठीचे दोन तास हिंदीच्या बाईंकडे गेले आणि सरांना सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी गरज नाही. ते त्यांच्या गावाकडे, फलटणला, एका शाळेत लागले. जाताना सूचनाफलकावर शेवटची सूचना लावून गेले. ‘मराठीचे शिक्षक उद्यापासून येणार नाहीत. कळावे. न कळल्यास विचारावे. लाजू नये.’ मी ती वाचली. बस सुटताना खिडकीतून बघितलं तर सर नायलॉनची पिशवी घेऊन गेटबाहेर पडत होते आणि सुभेदार काकांनी त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. मी खिडकीतून हात केला नाही.

जूनमध्ये पालकसभा झाली. अण्णा गेले नाहीत. पुढच्या सभेलाही गेले नाहीत. अ‍ॅप त्यांच्या मोबाइलमध्ये होतं, पण त्यात त्यांचा कागद नव्हता. मी त्यांना काही वाचून दाखवलं नाही, त्यांनी काही विचारलं नाही. सरांचा तेव्हा मला नव्याने राग आला. असा माणूस अर्धं काम टाकून जातो कसा?

आता मी सांगलीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष मी नुसती मान हलवत काढलं. प्राध्यापक बोलायचे, वर्ग मान हलवायचा, मीही हलवायचे. वसतिगृहावर येऊन पुस्तक उघडलं की काही कळायचं नाही. गेल्या महिन्यात संख्याशास्त्राच्या तासाला ‘सिग्निफिकंट’ हा शब्द चौथ्यांदा आला आणि माझा हात वर गेला. तोंडातून आलं, "सर, म्हणजे काय?" वर्ग हसला. प्राध्यापकांनी समजावून सांगितलं. मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं.

त्या संध्याकाळी सुभेदार काकांकडून नंबर घेऊन फलटणला फोन लावला. पलीकडे घंटेचा आणि पोरांचा गोंगाट. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. सरांना आठवेना. मग म्हटलं, पंक्चरवाल्यांची. "हां, ट्यूब घेऊन आलेले. चांगलं बोलले होते," सर म्हणाले.

"सर, थँक यू म्हणायला फोन केला होता."

पलीकडून तेच. "म्हणजे काय?"

वसतिगृहाच्या नळापाशी बादली हातात घेऊन मी उभी होते, मागे मुलींची रांग होती, आणि मला पूर्वीसारखाच संताप आला. आभारी आहे म्हणावं तर ते सूचनेसारखं वाटत होतं. दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, सर, लिहून पाठवते. ते म्हणाले, पाठव, आणि फोन ठेवला.

ते हे लिहिलं. फलटणच्या पत्त्यावर एक प्रत पाठवते आहे, एक अण्णांना दुकानात वाचायला देणार आहे. सर, कळावे. न कळल्यास फोन करावा. लाजू नये.