माका, एकदांडी आणि आमचे मामा

फुलाकडे इतक्या संशयानं बघणारा माणूस आमच्या सासऱ्यांशिवाय अख्ख्या दौंड तालुक्यात सापडायचा नाही. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो, बायको आप्पा म्हणते. कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात मामांनी सगळा जन्म क्वालिटीत काढला, म्हणजे मशिनवरून येणारा प्रत्येक पीस भिंगातून बघायचा आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. रिटायर होऊन ते वरवंडला आले, पण भिंग काही गळ्यातून उतरलं नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या आधी माझ्यापुढे दोन पांढुरकी रानफुलं आली. "सारखी का येगळी, पाव्हणं?" मी नम्रपणे "सारखी" म्हणालो. मुलगी मिळाली हे माझं नशीब, नाहीतर मी तिथंच रिजेक्ट होतो.

त्यातलं एक माका होतं, दुसरं एकदांडी. "माका गुमान खाली बसतो, एकदांडी मान वर काढती. फुंकर मारली की एकदांडीचं बी उडतं, माक्याचं खाली पडतं. आन् देठ तळव्यावर चोळला की माका काळा पडतो. त्यो खरा दाखला!" हे मामा कुणालाही, कुठंही ऐकवतात. एकदा यवतजवळ हायवेच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी एक फूल उजेडात वर धरलं, तर हात केला समजून एसटी थांबली. कंडक्टरनं "कुठं जायचंय, आबा?" विचारलं. "कुठंच न्हाई. ह्ये बगा, मधी दिसतंय ती एक पिवळी टिकली न्हाई, बारकी बारकी फुलं हायती," म्हणत मामांनी भिंग खिडकीतून आत दिलं. भल्या माणसानं बघितलंसुद्धा.

या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट त्यांच्या खऱ्या जिव्हाळ्याची आहे. सासूबाई दरवर्षी माक्याचा रस खोबरेलात उकळून, लेकीचे केस काळे राहावेत म्हणून तेल करायच्या. त्या गेल्यावर ते काम मामांनी उचललं. तेल चुकलं तर आपण बायकोचा वसा मोडला, असं त्यांना मनापासून वाटतं.

आणि तेल चुकलं. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "फुलं संपू द्या, मग बगू. मला बोटानं बी कळतं." त्या वर्षी आमच्या शिरूरच्या घरी आलेली बाटली बायकोनं उघडली. दरवर्षी काळपट असणारं तेल फिकट हिरवं होतं. "आप्पांनी एकदांडी उकळलीय," ती हळूच म्हणाली, "पण तुम्ही बोलायचं नाही हं." पुढच्या वर्षीही तेच. ती मुकाट्यानं तेल लावत राहिली, फोनवर तारीफ करत राहिली, आणि त्या तारिफीवर खूश होऊन मामा ऑपरेशन आणखी लांबवत राहिले.

शेवटी ऑपरेशन झालं. विश्रांतीला मामा आमच्याकडेच होते. डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी त्यांनी खिडकीतली बाटली उजेडात धरली. "ही एकदांडी हाय. कुणी बोललं कसं न्हाई?" तेवढ्यात बायको न्हाऊन, केस मोकळे सोडून बाहेर आली. मामा बघतच राहिले. कानावरची पांढरी बट त्यांना पहिल्यांदाच दिसत होती.

"माज्यामुळं झालं ह्ये," ते म्हणाले.

"अहो आप्पा, वय झालं माझं! लेक कॉलेजात जाते आता." ती हसली, पण पदर डोळ्यांना लावलाच.

खाली वाकायची परवानगी डॉक्टरांनी दिली त्या दिवशी मामा मला घेऊन घोडनदीच्या काठी गेले. देठ चोळून काळा पडलेला तळवा त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. घरी येऊन तेल केलं, आणि ते गार झाल्यावर लेकीला पुढ्यात बसवून सवयीनं भिंग डोळ्याला लावलं. एक काळा केस बघितला, एक पांढरा बघितला. मी निकालाची वाट बघत होतो.

"दोन्ही ओके," मामा पुटपुटले, आणि भिंग खाली ठेवून बराच वेळ तिच्या डोक्याला नुसतं तेल चोळत राहिले.