जास्वंद आणि रविवारचा उपवास

आयटीत नोकरी लागली, कर्ज मिळालं आणि मी कोथरूडमध्ये तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. तळमजलाच का, तर मागे हातभर जमीन होती. बाबा गेल्यावर आईला नागपूरहून आणायचं होतं, आणि हात घालायला माती नसती तर ती चार दिवसांत परत पळाली असती. बिल्डरने मातीच्या नावाखाली नुसता राडारोडा भरला होता. तो आम्ही दोघींनी उपसला, धायरीच्या नर्सरीतून लाल माती आणि शेणखत आणलं. आईने सगळ्यात आधी लावली ती जास्वंद.

घर लागल्यावर बुद्धवंदना ठेवली आणि अख्ख्या बिल्डिंगला चहा-पोह्यांना बोलावलं. लोक आले. दारावरचं आडनाव वाचलं, हॉलमधली बुद्धमूर्ती पाहिली, "छान आहे हो घर" म्हणाले, आणि एकेकाला आपापला उपवास आठवला. अहो, रविवार होता! रविवारी सगळ्या बिल्डिंगला उपवास असतो हे मला कुठे ठाऊक? रात्री आम्ही दोघी पोहेच जेवलो.

जास्वंदीच्या फुलांना मात्र कुणाचा उपवास आडवा आला नाही. झाड भरलं तशा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सकाळी सकाळी पिशवी घेऊन येऊ लागल्या. टाचा उंचावून फुलं तोडायच्या, कळ्यासुद्धा सोडायच्या नाहीत. त्यांच्या गणपतीला लाल फूल लागायचं. कंपनीच्या बससाठी आवरताना मला खिडकीतून सगळं दिसायचं आणि माझं डोकं फिरायचं. आमच्या मातीतलं फूल यांच्या देवाला चालतं आणि आमच्या कपातला चहा यांना चालत नाही! शेवटी मी पाटी लावली: "फुले बाजारात विकत मिळतात. देवास चोरीची वाहू नयेत." पुण्यात राहून एवढं तरी शिकले होते.

संध्याकाळी घरी येते तर आईने पाटी काढून ठेवलेली.

"राहू दे ना माय," ती म्हणाली. "फुलं तोडाले का होईना, कोनी येते ना आपल्या दारात!"

मला एकदम भरून आलं. दिवसभर मी कंपनीत, घरात तिला बोलायला चिटपाखरू नाही. त्याच आठवड्यात तिने मला नागपूरचं तिकीट काढायला लावलं होतं, कायमचं जायला. मी काढलं, पण मनातून पार खचले. हे घर घेतलं होतं कुणासाठी?

तोवर जास्वंद चांगलीच उंच झाली होती. खालची फुलं संपली आणि वरच्या फांदीला काकूंचा हात पुरेना. एका सकाळी पाहते तर ती फांदी आईने सुतळीने खाली ओढून कुंपणाला बांधलेली. मी कपाळावर हात मारून घेतला. चोराची एवढी सरबराई!

शनिवारी चतुर्थी होती आणि मला सुट्टी. बेल वाजली. दारात काकू, हातात फुलांची पिशवी.

"ती फांदी तुम्ही बांधलीत?" त्यांनी आईला विचारलं. सूर असा, की आम्हीच त्यांचं काहीतरी चोरलंय.

"हो. तुमचा हात पुरत नव्हता ना," आई म्हणाली.

काकू उंबऱ्याशी जरा घुटमळल्या, मग चपला काढून आत आल्या आणि सोफ्याच्या कडेला टेकल्या. माझ्याकडे न बघता पदर सारखा करत म्हणाल्या, "आज मला खरंच उपवास आहे. पण चहा चालतो. साखर जरा कमी घाला."

आई लगबगीने आत गेली. चहा झाला, मग दुसरा झाला, आणि गप्पांना तर ऊतच आला. मी गुपचूप दोघींचे कप विसळले, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुपारी आईने तिकीट माझ्या हातात ठेवलं.

"हे रद्द करून टाक," ती म्हणाली. "मी गेली तर काकूसाठी फांदी कोन बांधन?"